मूक्कु रावांचं नाक

नको तिथे नाक खुपसणाऱ्या लोकांवर मी आयुष्यभर वैतागत आलो आहे. पण माझंच नाक पाच आठवडे मोटारीच्या सायलेन्सरमध्ये खुपसायला लावणारा माणूस मला एकच भेटला. नाव सेतुमाधवराव. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या गल्लीत हे नाव विचारलंत, तर पोस्टमनसुद्धा तुम्हाला सरळ समुद्राकडे धाडील. तिथे त्यांना मूक्कु राव म्हणतात. गल्लीतल्या गाईदेखील म्हणत असाव्यात, कारण ते दिसले की त्या वाट सोडत.

मी त्यांच्याकडे गेलो तो आईच्या गाडीपायी. आई शाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिनं ही लाल, छोटी गाडी घेतली आणि सांगलीत अकरा वर्षं अशी चालवली की तिसऱ्या गिअरच्या पुढे काही असतं हे त्या गाडीला ठाऊकच नव्हतं. मला चेन्नईत नोकरी लागल्यावर गाडी माझ्या हवाली झाली. तेव्हापासून दर रविवारी आईचा फोन येतो. आधी गाडीची चौकशी, मग सुनेची, आणि वेळ उरलाच तर माझी.

आता गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती. पंधरा वर्षांनी तपासणी. धूर स्वच्छ निघाला तर कागद पुढे चालू, नाही तर गाडी भंगारात. तपासणीला सहा आठवडे उरले होते आणि गाडीनं अंग टाकलं. चेन्नईत चढ म्हणून नाही, उड्डाणपूल काय ते. नुंगंबाक्कमच्या पुलावर एका इडलीच्या हातगाडीनं मला मागे टाकलं आणि त्या हातगाडीवाल्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. शिवाय मागून असा वास सुटायचा की सिग्नलला माझ्यामागे रिक्षा थांबायच्या बंद झाल्या. भर टी. नगरच्या बाजारात दिवाळीच्या आदल्या दिवशी मला गाडी लावायला जागा मिळाली, ती या वासाच्या जोरावर.

मी मोटार कंपनीत इंजिनिअर आहे हे कळलं की लोक म्हणतात, मग अडचण कसली? अडचण ही की मी दरवाजाच्या हँडलचा इंजिनिअर आहे. बारा वर्षं हँडल. हँडलच्या आत मोटार असते एवढं मला ऐकून माहीत. तीन गॅरेजवाल्यांनी तीन रोग सांगितले, चौथ्यानं गाडी विकायला सांगितली. तेव्हा ऑफिसातला सेल्वम म्हणाला, मूक्कु रावकडे जा, तो बरोबर सांगेल.

मूक्कु म्हणजे तमिळमध्ये नाक. हे आज मला कळतं. तेव्हा माझं तमिळ एकूण चाळीस शब्दांचं, त्यातले तीस खाण्याचे. मला ऐकू आलं, मुका राव. मला आनंदच झाला. न बोलणारा मेकॅनिक हे मोटारवाल्याच्या आयुष्यातलं सर्वोच्च सुख, आणि ते मला बसने जाण्याच्या अंतरावर मिळत होतं.

वर बिऱ्हाडाविना राहणाऱ्या नोकरदारांचं मॅन्शन, त्याच्या गजांना वाळत घातलेल्या पन्नास लुंग्या, आणि खाली त्या लुंग्यांच्या सावलीत गॅरेज. मागच्या दारापलीकडेच घर. स्टुलावर एक उंच, वाळका म्हातारा बसलेला, आणि चेहऱ्यावर असं नाक की बाकीचा चेहरा त्याच्या आधारानं राहायला आल्यासारखा. मी अदबीनं वाकलो आणि खुणा सुरू केल्या. गाडीकडे बोट, मग छातीवर हात ठेवून धापा, म्हणजे दम लागतो. मग नाक चिमटीत धरून डोळे फिरवले, म्हणजे वास येतो. त्यांनी फार समजुतीनं मान हलवली आणि तेही खुणा करू लागले. चढावर का? मी हाताचा पूल करून दाखवला. सकाळी का? मी सूर्य उगवून दाखवला. दहा मिनिटं आमचा हा खेळ चालला होता. वरच्या मजल्यावरची मंडळी गजांना लटकून बघत होती.

मग ते मागच्या दाराकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "अगो, एक मुका आला आहे बिचारा. त्याजला काफी दे. साखर जास्ती घाल."

आतून बाईचा आवाज आला, "मुका असला तर असो. बहिरा नव्हे ना? हळू बोला."

चेन्नईत, लुंग्यांखाली, मराठी. मी एवढा गडबडलो की सरळ म्हणालो, "अहो, मी मुका नाही. तुम्ही मुके आहात."

त्यावर जी शांतता पसरली ती त्या गॅरेजातली शेवटची शांतता. त्या दहा मिनिटांची भरपाई मूक्कु राव पुढे दोन वर्षं करत होते.

त्यांची मराठी तंजावरची. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या घराण्यांनी जपून ठेवलेली, शब्द जुन्या पत्रातल्यासारखे आणि चाल सगळी तमिळ. वाक्य शेवटाला आलं की पतंगासारखं वर उडायचं. मी त्यांना मामा म्हणू लागलो आणि त्यांच्या बायकोला मामी, कारण हे दोन शब्द दोन्ही भाषांत चालतात. ते मला 'देशांतले तंबी' म्हणायचे. देश म्हणजे महाराष्ट्र, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजाच्या अत्तरखान्यावर होते आणि ते नाक सहा पिढ्या थोरल्या मुलाकडे चालत आलं होतं. गल्ली तर त्याच्याही पुढे जाई. मूक्कु राव म्हणे पेट्रोल हुंगून कुठल्या पंपाचं ते सांगत. एकदा एका मोटारीचं बॉनेट उघडून त्यांनी सांगितलं की मालकानं काल बिर्याणी खाल्ली, आणि मालक घरी शाकाहारी म्हणून प्रसिद्ध. ते घर अजून सावरलेलं नाही म्हणतात.

असं हे नाक. साहजिकच मी वाट बघू लागलो की आता ते वाकतील, हुंगतील आणि रोग सांगतील. ते वाकले नाहीत. त्यांनी मला वाकायला सांगितलं.

"तुमची गाडी, तुमचें नाक," म्हणाले. "मालकाला स्वतःच्या गाडीचा वास ठाऊक पाहिजे."

मला ते तत्त्वज्ञान वाटलं. मी गुडघ्यांवर बसलो, नाक सायलेन्सरला लावलं, खोकलो, आणि सांगितलं की घाण वास येतोय.

"घाण हा वास नव्हे," मामा म्हणाले. "तें तुमचें मत. वास सांगा."

इथून माझ्या हालांना सुरुवात झाली. दर शनिवारी सकाळी मी तिथे गुडघ्यांवर. इस्त्रीची पँट घालून येणं मी दुसऱ्याच आठवड्यात सोडलं. जळल्यासारखा येतो म्हटलं, तर काय जळल्यासारखा? दूध, केस, कापूर, की लाकूड? आंबट म्हटलं, तर ताकाचा आंबट की चिंचेचा? मी पहिल्या शनिवारी जे बोललो त्यावरून त्यांनी प्लग बदलले. दुसऱ्या शनिवारच्या जबानीवरून एअर फिल्टर बदलला, तिसऱ्या आठवड्यात पेट्रोलची टाकी धुतली. गाडी होती तिथेच. कुजलेल्या अंड्यासारखा येतो का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी जन्मात अंडं कुजवलेलं नव्हतं. आमच्या घरी अंड्याचं चित्रसुद्धा पुस्तकातलं पान चिकटवून झाकत. मामांनी यावर असा सुस्कारा टाकला, जणू आमच्या घराण्यानं शिक्षणाकडे दुर्लक्ष केलं होतं.

चौथ्या शनिवारी मी भांडायचं ठरवूनच गेलो. गाडी घोडीवर चढवलेली, इंजिन अर्धा तास चालू, आणि मामा खालून सरपटत बाहेर आलेले. एक रबरी चप्पल मात्र खालीच राहिली, तापलेल्या पाइपला टेकून. ते मला समजावून सांगत होते की कोपऱ्यावरच्या नव्या गॅरेजवाल्यानं कॉम्प्युटर आणला आहे, पण यंत्राला आकडा कळतो, वास कळत नाही, नाक ही देवाची देणगी. हे चाललं असताना चप्पल वितळू लागली. आधी नुसता उग्र दर्प आला. मग काळा धूर. मॅन्शनच्या खिडक्या धाडधाड लागल्या. वाळत घातलेल्या पन्नास लुंग्या एका मिनिटात आत गेल्या. दारातली गाय उठून दुसऱ्या गल्लीत राहायला गेली, ती पोंगलपर्यंत परतली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी. आणि मूक्कु राव त्या धुरात ताठ बसून देवाच्या देणगीबद्दल बोलत होते. नाकपुडीसुद्धा हलली नव्हती.

मामी पदर नाकाला लावून आल्या, चपलेवर तांब्याभर पाणी ओतलं आणि नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मामांनी आधी चपलेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी विचारलं, कधीपासून?

"साथींतल्या त्या तापापासून," मामी म्हणाल्या. "दोन वर्षें जाहलीं. काफीदेखील रंग पाहून पितात."

आता मला दया यायला हवी होती. मला राग आला. चार आठवडे मी या माणसाच्या सांगण्यावरून धूर प्यालो, माझी खोकल्याची बाटली माझ्या डब्याच्या पिशवीत असते, आणि याला वासच येत नाही. तपासणी दोन आठवड्यांवर. मी म्हणालो, गाडी खाली घ्या, मी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरकडे जातो. आणि एवढंच होतं तर मामींना का नाही वास विचारत?

मामा बराच वेळ पाना पुसत राहिले. मग हळू म्हणाले, "बायकोला गल्लीसमोर सायलेन्सरशीं वाकवूं? तें नको." आणि मग, "मूक्कु रावांतलें मूक्कु काढा, मग राहातो राव. राव ह्या गल्लींत सतरा आहेत. तुमची गाडी पास होईल म्हणून मी चार लोकांत बोलून बसलों आहे, तंबी. ही नापास जाहली तर सगळ्यांस कळेल."

मी गेलो नाही. गाडी तेव्हा अजून घोडीवर होती, हे एक कारण. दुसरं सांगायची गरज नाही.

त्या दिवसापासून आमचा धंदा प्रामाणिक झाला. नाक माझं, डोकं त्यांचं. मी पुन्हा वाकलो आणि या वेळी मत बाजूला ठेवून नुसतं हुंगलं. आणि लहानपणचं काहीतरी नाकात शिरलं. आमच्या घरी पोट बिघडलं की आई ताकात घालून द्यायची, तेच काळं मीठ.

"पादेलोण," मी म्हणालो. "मामा, पादेलोणासारखा येतोय."

मामा आधी हसले. असे हसले की स्टुलावरून उतरावं लागलं. मामींना हाका मारून बाहेर बोलावलं आणि तो शब्द मला पुन्हा म्हणायला लावला. त्यांच्या आजीच्या तोंडी होता म्हणे, तिच्यामागे त्यांनी तो कुणाकडून ऐकला नव्हता. पादण्यावरून मिठाला नाव ठेवणारी भाषा आपलीच, असं ते डोळे पुसत मामींना सांगत होते. मग एकदम थांबले. चेहरा मेकॅनिकचा झाला.

"पादेलोण मेणजे गंधक," म्हणाले. "आणि गाडीला दम नाही. पोळें गेलें."

पोळं म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या वाटेवर पोलादी डबा असतो, त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं. धूर त्यातून गाळून, निर्विष होऊन बाहेर पडतो. आमच्या गाडीची ठिणगी पाडणारी एक कॉइल अर्धवट काम करत होती, कच्चं पेट्रोल त्या पोळ्यात जाऊन जळत होतं, आणि पोळं आतून ढासळून वाट बंद झाली होती. गाडीचं नाकच चोंदलं होतं, असं मी म्हणालो. मामांना ते फारसं आवडलं नाही.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला ही बातमी कशी लागली कोण जाणे. तो येऊन सांगून गेला की एवढा खर्च कशाला, सळई घालून आतलं पोळं फोडून टाका आणि रिकामा डबा बसवा, गाडी पळते. तो गेल्यावर मामा मला म्हणाले, देव काढून घेऊन देव्हारा पुजायचा का? आणि आधी कॉइल बदलली. रोग तसाच ठेवून नवं पोळं घातलं तर तेही सहा महिन्यांत मरेल, हे मला त्यांनी अकरा वेळा ऐकवलं.

नवं पोळं आलं त्या दिवशी मी फोन घरी विसरलो होतो. मामांचा फोन माझ्या बायकोनं, मृणालनं घेतला. त्या संभाषणाची हकिकत दोन्हीकडून ऐकल्यामुळे मला पाठ आहे. मामा म्हणाले, पोळें आलें आहे, लवकर येऊन घेऊन जा. मृणालला वाटलं, मामींनी पोळ्या केल्या. तिनं विचारलं, गरम आहे का? मामा म्हणाले, आतां थंड आहे, परंतु गरम जाहल्यावांचून त्याचा कांहीं उपयोग नाही. तिनं विचारलं, तूप घेऊन येऊ? मामा म्हणाले, तूप-तेल कांहीं लागूं देऊं नका, तेल लागलें की तें मरतें. मृणालला वाटलं, तंजावरची पद्धत असेल. ती तीन पुडांचा डबा घेऊन रिक्षानं नुंगंबाक्कमहून तिथवर गेली. मामांनी तिच्यापुढे पोलादाचं ते धूड ठेवलं. तिनं डब्याचं झाकण उघडलं. शेवटी मामींनी तो डबा सांबार-भातानं भरून परत पाठवला, आणि मृणालनं मला आठवडाभर दुसरं काही वाढलं नाही.

जुनं पोळं निघायला तीन दिवस लागले. समुद्राची हवा बोल्टात शिरली की बोल्ट म्हणजे नुसता गंज, आकार तेवढा बोल्टचा. मामा रोज सकाळी प्रत्येक बोल्टाला तेल पाजत, तान्ह्या मुलाच्या टाळूला घालावं तसं, आणि त्याच्याशी तमिळमध्ये गोड बोलत. दोन बोल्ट त्या गोड बोलण्याला भुलले. तिसरा तुटला, त्याला मग मराठीत ऐकून घ्यावं लागलं, ते इथे लिहिता येत नाही. डबा हातात आल्यावर त्यांनी तो माझ्या कानाशी हलवला. खुळखुळा. वर्तमानपत्रावर उपडा केला, तर करड्या ठिकऱ्यांचा ढीग पडला.

तपासणीला ते आले नाहीत. गॅरेजातच बसतो म्हणाले, नापास झाली तर तिथे उभं राहवणार नाही. मी एकटा उभा. यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये गेली, आणि इंजिन दोन मिनिटं चाललं तेवढ्यात मी आईला द्यायची तीन वेगवेगळी स्पष्टीकरणं तयार केली. एकही लागलं नाही. पास.

गल्लीत शिरलो तर निम्मी गल्ली दारात. मामांनी माझ्या हातातला कागद बघितला, घडी केली, खिशात ठेवला, आणि जणू हे ठरलेलंच होतं अशा थाटात शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या मोटारीकडे गेले. कुणी पाहुणा गाडी दाखवायला आला होता. सगळ्यांसमोर ते वाकले. डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग उठता उठता, माझ्याकडे न बघता, त्यांनी हळूच मराठीत विचारलं, "कसला?"

मला तीन हातांवरून येत होता. मी पण तोंड दुसरीकडे करून म्हणालो, "गोडसर. जळक्या साखरेसारखा."

मामा पाहुण्याकडे वळले आणि इंजिन गार ठेवणारं कूलंट गळतंय म्हणून तमिळमध्ये जाहीर केलं. बॉनेट उघडलं. गळत होतं. गल्लीनं माना डोलावल्या. आणि मी, ऑटोमोबाइलचा पदवीधर, बारा वर्षं हँडल, मूक्कु रावांचं मूक्कु म्हणून रुजू झालो.

पुढची दोन वर्षं माझे शनिवार गेले ते गेलेच. सर्दी झाली की मामांना माझ्यापेक्षा जास्त काळजी. काढा घेऊन ते घरी येत आणि मी तो पिईपर्यंत हलत नसत. मी सेंट लावलेला त्यांना चालत नसे, हे त्यांना कळायचं कसं हे मला कधी कळलं नाही. बहुतेक मामी सांगत. गिऱ्हाइकांना वाटे, हा मराठी माणूस वेडा आहे, दर शनिवारी येतो, मोटारींमागे फिरतो आणि हवेशी पुटपुटतो. सेल्वमनं तर ऑफिसात सांगून ठेवलं होतं की मला धुराचं व्यसन आहे.

मग माझी बदली पुण्याला झाली. मी सांगितलं तेव्हा मामा एका स्कूटरची चेन बघत होते. सरि, म्हणाले, म्हणजे बरं, देशांत हवा चांगली.

निघायच्या दिवशी सकाळी मी आणि मृणाल निरोप घ्यायला गेलो. मामींनी प्रवासासाठी डबा दिला. गाडी चालू झाली तसे मामा मागे गेले आणि सायलेन्सरशी वाकले. मी पण उतरून त्यांच्या शेजारी वाकलो. दोघांचे हात गुडघ्यांवर.

"काय?" त्यांनी विचारलं.

मी नीट हुंगलं. "काही नाही. कसलाच वास नाही."

मामांनी आणखी एकदा, पोटभर श्वास घेतला.

"मजला पण कांहीं नाही," ते म्हणाले. "मेणजे बरोबर आहे."

मी गाडी काढली. गल्लीच्या टोकाला वळण्याआधी थांबून आरशात पाहिलं, तर गॅरेजसमोर एक नवी गाडी येऊन थांबली होती. तिचा मालक अदबीनं बाजूला उभा. मामा तिच्यामागे वाकले होते, आणि बराच वेळ झाला तरी उठत नव्हते. मग गॅरेजचं मागचं दार उघडलं. मामी भर गल्लीत बाहेर आल्या, पदर कमरेला खोचला, आणि त्यांच्या शेजारी वाकल्या.